कागद ठाण्याचा, हक्क नागरिकाचा

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी माणसाने इतक्या पिढ्या घोकली आहे की, तिच्या पोटात दडलेली दुसरी म्हण उच्चारण्याची गरजच त्याला कधी भासली नाही. पोलीस ठाण्याची पायरी तर त्याहूनही चढू नये, ही ती म्हण! परंतु पायरी चढणे वा न चढणे हे दरवेळी माणसाच्या हाती नसते. देवीच्या दर्शनाला गेलेल्या बाईच्या गळ्यातील मंगळसूत्र ओढले जाते, हमरस्त्यावर एखादा मालमोटारवाला दुचाकीस्वाराला उडवून पसार होतो, सामाईक बांधावरून भावाभावांत काठ्या निघतात, आणि शहाणा असो वा अडाणी, माणूस ठाण्याच्या दारात उभा राहतो. तेथे तो आपली कहाणी सांगतो, कोणीतरी ती लिहून घेतो, खाली सही वा अंगठा होतो. तो घरी परततो तेव्हा कहाणी त्याची असते. कागद मात्र ठाण्याचा झालेला असतो. पुढे विमा कंपनी, बँक वा न्यायालय यांच्यापुढे जाण्याची वेळ आली की त्याला कळून चुकते की, कहाणी ऐकण्यास कोणासही सवड नाही. सर्वांना हवा असतो तो कागद.

नगर-पुणे रस्त्यावरील केडगावचेच उदाहरण घ्यावे. एके काळी शहराबाहेरचे असलेले आणि रेणुकामातेच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत ठाऊक असलेले हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीतील गजबजलेले उपनगर आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे व शहराचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. परंतु केडगावकराला तक्रार नोंदवावयाची झाल्यास ज्या ठाण्याकडे जावे लागते त्याचे नाव अजूनही 'कोतवाली'च आहे. त्या नावात एक जुना काळ गोठलेला आहे. कोतवाल हा तेव्हा राजसत्तेचा माणूस होता. त्याने प्रजेस विचारावयाचे आणि प्रजेने उत्तर द्यावयाचे, असा रिवाज होता. प्रजेने कोतवालास काही विचारावे, एवढेच नव्हे तर त्याच्या दप्तरातील कागदाची प्रत मागावी, ही कल्पनाच त्या काळाला परकी होती. प्रजेचा नागरिक होऊन पाऊण शतक उलटले. दप्तराच्या दाराशी मात्र हा बदल पुरता पोहोचला आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रश्न केवळ तत्त्वाचा नाही, तो पोटाचा आहे. कल्पना करावी की, पुणे रस्त्यावरील अपघातात एखाद्या घरातील कर्ता पुरुष दगावला. त्याच्या विधवेला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागावयाची आहे. तिला खबरी अहवालाची प्रत हवी, घटनास्थळाचा पंचनामा हवा, इन्क्वेस्ट पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल हवा, धडक देणाऱ्या वाहनाच्या विम्याचा तपशील हवा. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांच्या आत न्यायाधिकरणाकडे धाडावयाचा असतो, आणि त्याची प्रत अपघातग्रस्तांनाही मिळावयाची असते. त्याच दिवसापासून दावा दाखल करण्यास अपघातानंतर सहा महिन्यांची मुदतही कायद्यात घालण्यात आली. त्या मुदतीचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे खरे. परंतु दिवस मोजत बसलेल्या बाईला त्या वादाचा आधार किती? तिच्या लेखी प्रत वेळेवर मिळणे आणि न मिळणे यांतील अंतर हे मुलांच्या शाळेचे, घरभाड्याचे आणि किराण्याच्या उधारीचे अंतर असते.

अशा वेळी ठाण्याच्या खिडकीवर मिळणारी उत्तरे राज्यात सर्वत्र एकाच साच्यातील असतात. 'तपास चालू आहे.' 'साहेब बंदोबस्ताला गेले आहेत.' 'वकिलाला घेऊन या.' या उत्तरांत उद्धटपणा असतोच असे नाही. कित्येकदा ती खुर्ची पुढे करून, मोठ्या सौजन्याने दिली जातात. त्यांचा दोष वेगळाच आहे. त्यांत नकार असतो, पण नकाराचे कारण नसते. आणि नकार लेखी नसल्यामुळे त्याविरुद्ध कोठे दाद मागावी याचाही मार्ग उरत नाही. अर्जदार परततो, पुन्हा येतो, पुन्हा परततो. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण अशाच येरझाऱ्यांतून जन्मास आली असावी.

पहिले दार : खबरेची प्रत

वस्तुतः कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर देणाराला खबरेची प्रत विनामूल्य द्यावी, हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४ व्या कलमातच होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या १७३ व्या कलमाने हा अधिकार खबर देणाराबरोबर पीडितालाही दिला. एवढेच नव्हे, तर गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर घेतलीच पाहिजे, असेही तेथे स्पष्ट झाले. खबर घेण्यासच नकार मिळाल्यास तिचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, हा मार्ग याच कलमात आहे. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर त्याची नोंद करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे ललिताकुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

ज्याच्यावर आरोप आहे त्याचे काय? त्यालाही आपल्याविरुद्ध काय लिहिले गेले हे कळण्याचा अधिकार आहे. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार आरोपीने वा त्याच्या वतीने अर्ज केल्यास पोलिसांनी २४ तासांत प्रत द्यावयाची आहे. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात नकलेसाठी अर्ज केल्यास ती दोन कामाच्या दिवसांत मिळावयाची आहे. शिवाय नोंदलेली खबर २४ तासांत, आणि अडचण असल्यास जास्तीत जास्त ७२ तासांत, पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावयाची आहे. लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद, बंडखोरी अशी संवेदनशील प्रकरणे यांतून वगळली आहेत. आणि एखादे प्रकरण संवेदनशील ठरविण्याचा निर्णय उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यावयाचा नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध खबरी अहवाल पाहण्याची सोय आहे. जिल्हा, ठाणे आणि तारीख ठाऊक असली की पुष्कळदा ठाण्याची पायरी न चढताही हा पहिला कागद हाती येतो, हे केडगावातील किती जणांस माहीत आहे?

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ठाण्यातून मिळालेला प्रत्येक शिक्क्याचा कागद हा खबरी अहवाल नसतो. किरकोळ शिवीगाळ वा धक्काबुक्की यांसारख्या अदखलपात्र बाबींची नोंद निराळ्या पुस्तकात होते आणि तक्रारदारास दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगितले जाते. अशा नोंदीवरून पोलीस आपण होऊन तपास करीत नाहीत. चोरी झालेली असताना 'वस्तू गहाळ' अशी नोंद झाली, तर विम्याच्या दाव्याची वाट तेथेच खुंटते. म्हणून हातात पडलेला कागद ठाण्याच्या दारातच वाचून पाहणे, त्यावर गुन्हा क्रमांक व कलमे आहेत की केवळ अदखलपात्राची नोंद आहे, हे तपासणे अगत्याचे होय. नोंदी मराठीत असतात. वाचण्याचा कंटाळा हीच तेवढी अडचण आहे.

दुसरे दार : माहितीचा अधिकार

खबरेपलीकडच्या कागदांसाठी दुसरे दार उघडावे लागते. त्या दाराच्या बिजागऱ्या याच जिल्ह्यात बसविल्या गेल्या, ही नगरकरांना अभिमानाची गोष्ट वाटावयास हवी. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी आंदोलने केली. २००० साली राज्याने केलेला कायदा तोकडा ठरला, २००२ मध्ये नवा कायदा करणे भाग पडले, आणि ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावरील त्यांच्या उपोषणाच्या दिवसांतच त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा देशभर लागू झाला. स्वीडनने असा कायदा १७६६ मध्येच केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे आपण किती उशिरा जागे झालो हे कळते. परंतु उशिरा का होईना, अधिकार हाती आला. ज्या जिल्ह्याने त्यासाठी उपास काढले त्या जिल्ह्यातील माणसाने ठाण्याच्या खिडकीवरून रिकाम्या हाताने परतावे, यासारखा विरोधाभास दुसरा नाही.

मार्ग अवघड नाही. विहित नमुन्यातील अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी मुद्रांक, आणि प्रतींसाठी पानास दोन रुपये, एवढाच खर्च. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास पुरावा जोडल्यास तोही नाही. २०१२ पासून राज्याच्या नियमांनी एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा घातली आहे. तेव्हा अर्जात गाऱ्हाणे न मांडता कागदाचे नाव लिहावे. 'माझ्यावर अन्याय का झाला?' या प्रश्नाला माहिती अधिकारी उत्तर देण्यास बांधलेला नाही. 'अमुक तारखेच्या, अमुक वेळेतील ठाणे दैनंदिनीतील नोंदीची प्रत' किंवा 'माझ्या अमुक दिनांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती' या मागणीला मात्र तो बांधलेला आहे. माहिती कशासाठी हवी, हे विचारण्याचा अधिकार त्यास कायद्याने दिलेला नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची. जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांची. मुदत टळली तर प्रती विनामूल्य द्याव्या लागतात. उत्तर न मिळाल्यास वा असमाधानकारक मिळाल्यास ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे वीस रुपयांच्या मुद्रांकासह पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे. विनाकारण अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५ हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

'तपास चालू आहे' या उत्तराचे काय? कायद्याच्या आठव्या कलमात तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारण्याची मुभा आहे खरी. परंतु तपास चालू आहे एवढेच कारण त्यास पुरेसे नाही. ही माहिती दिल्याने तपासात नेमका कसा अडथळा येईल हे अधिकाऱ्याने दाखविले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात डिसेंबर २००७ मध्येच सांगितले आहे. म्हणजे 'तपास' हा शब्द कुलूप नव्हे. शिवाय तपासाच्या प्रगतीची माहिती खबर देणाराला वा पीडिताला ९० दिवसांच्या आत द्यावी, असे नव्या संहितेच्या १९३ व्या कलमानेच पोलिसांना बजावले आहे. हे कर्तव्य अर्जाची वाट पाहत नाही.

बंद राहावी अशी खोली

अर्थात सर्वच दारे सताड उघडी असावीत, असे कोणी म्हणणार नाही. तपासी अंमलदाराची केस डायरी आरोपीला मागता येत नाही, आणि ते योग्यच आहे. खबऱ्याचे नाव उघड झाले तर उद्या कोणी खबर देणार नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख झाकलेलीच राहिली पाहिजे. दोषारोपपत्रे सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकावीत, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास यांच्या याचिकेवर फेटाळली; मात्र आरोपीला, आणि वकील दिलेल्या पीडितालाही, न्यायालयातून ती विनामूल्य मिळतात. या मर्यादा कागदाशी ज्याचा संबंध आहे त्याचा हक्क आणि बघ्याचे कुतूहल यांत भेद करतात, आणि असा भेद असलाच पाहिजे.

चिंता वाटावी अशी गोष्ट निराळी आहे. खासगी माहितीसंबंधीच्या २०२३ च्या केंद्रीय कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील वैयक्तिक माहितीचे उपकलम बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. पूर्वी या उपकलमातच सार्वजनिक कामाशी संबंध आणि व्यापक लोकहित यांचा तराजू टांगलेला होता. तो तेथून काढून टाकण्यात आला. लोकहित वरचढ असल्यास माहिती देता येईल, ही सर्वसाधारण तरतूद शिल्लक आहे. परंतु देण्यास अनुत्सुक असलेल्या अधिकाऱ्याला नकाराचे नवे आयते कारण मिळाले, हे नाकारता येणार नाही. पोलिसांच्या प्रत्येक कागदावर कोणाचे ना कोणाचे नाव असतेच. नाव झाकून उरलेला कागद देण्याची मुभा कायद्याच्या दहाव्या कलमात आहे. तिचा वापर होतो की नावाचे निमित्त करून सगळाच कागद झाकला जातो, यावर पुढील काळात लक्ष ठेवावे लागेल.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. मनुष्यबळ अपुरे, बंदोबस्त रोजचे, त्यात एकाच माणसाचे डझनभर अर्ज. काही अर्जदार माहितीचा उपयोग दुसऱ्याला धमकावण्यासाठी करतात, हेही खोटे नाही. परंतु यावर उपाय दार बंद करणे हा नव्हे. जो कागद आपणहून दिला जातो त्यासाठी कोणी अर्ज करीत नाही. अर्जांचा ढीग हा अडवणुकीचा परिणाम असतो, कारण नव्हे. आणि कागद गुप्त असतो तोवरच त्याच्या आधारे धमकावता येते. जे सर्वांना पाहता येते त्याची खंडणी कोण देईल?

बंद दप्तराची सर्वांत मोठी किंमत पोलीस स्वतःच मोजतात. एप्रिल २०१८ मध्ये पोटनिवडणुकीनंतर केडगावात दुहेरी हत्याकांड झाले, आणि या उपनगराचे नाव राज्यभर भीतीने घेतले गेले. अशा दिवसांत अधिकृत कागद मागे राहतो आणि अफवा पुढे धावते. याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २०१४ मध्ये झालेल्या दलित मुलाच्या हत्येच्या खटल्यात साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. माणसे उलटतात, विसरतात, घाबरतात. वेळीच लिहिला गेलेला आणि वेळीच दोघांच्या हाती पडलेला कागद तसा सहज उलटत नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्याच्या कायद्याने खबरेची प्रत ताबडतोब देणे हे लोकसेवकाचे कर्तव्य ठरविले, ते उगाच नव्हे.

आज कागदाबरोबर चित्रफीतही आली आहे. परमवीरसिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसल्यास निदान वर्षभर जपून ठेवण्याचा आदेश दिला. ठाण्यात आपल्याला मारहाण झाली वा आपली तक्रार घेतली गेली नाही, असे ज्याचे म्हणणे आहे त्याने हे आकडे ध्यानात ठेवावेत. दोन वर्षांनी केलेल्या अर्जाला 'चित्रण उपलब्ध नाही' हे उत्तर कदाचित खरेही असेल.

कागदाची प्रत पक्षकाराच्या हाती देणे ही काही परकी, उसनी आणलेली रीत नव्हे. मराठेशाहीत गोतसभेपुढे वाद निवडला जाई, त्याचा महजर होई, हजर मजालसीची नावे त्यावर पडत, आणि जिंकलेल्या पक्षाला निवाडपत्र मिळे. पिढ्यानपिढ्या ते पत्र घराच्या पेटीत जपले जाई. त्या न्यायपद्धतीत दोष पुष्कळ होते. पण निर्णयाचा कागद सरकारच्या दप्तरातच राहावा, असे तेव्हाही कोणी मानले नाही.

करावयाचे आहे ते खर्चाचे नाही. प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात मराठीतून एक फलक असावा : कोणता कागद कोणास, किती दिवसांत, किती शुल्कात मिळतो, माहिती अधिकारी कोण, अपील कोणाकडे. ही नावे जाहीर करण्याचे बंधन कायद्याच्या चौथ्या कलमात आहेच. घेतलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख व शिक्क्यासह पोच द्यावी. नकार द्यावयाचा तर तो कलमासह लेखी द्यावा. अपघाताच्या व अकस्मात मृत्यूच्या कागदांचा संच नातेवाइकांनी न मागताच त्यांच्या हवाली करावा. राज्य माहिती आयोगावरील रिक्त जागा वेळेवर भराव्यात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याविषयी स्पष्ट निर्देश दिलेले असताना अपिले वर्षानुवर्षे पडून राहणे हे अधिकार काढून घेण्याहून फारसे निराळे नाही.

आणि नागरिकानेही आपल्यापुरते एक करावे. तोंडी विनवणी सोडून लेखी अर्जाची सवय लावून घ्यावी, पोच घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये, मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर मांडून ठेवावी. हक्क हा मागावा लागतो, आणि नीट मागावा लागतो. ठाण्याची पायरी चढण्याची वेळ कोणावर येऊ नये, हे खरे. पण आलीच, तर उतरताना त्याच्या हाती त्याचा कागद असला पाहिजे.